मदत हवी आहे: श्रीमंतच जास्त आजारी? आकडे उलटे येताहेत

रात्रपाळी
सोमवारी प्रबंधाचं प्रकरण द्यायचंय. पैसा-शिक्षण कमी तर तब्येत वाईट, असं गृहीतक होतं. निकाल उलटा: वरच्या उत्पन्नगटात आजारी जास्त, तळाला कमी. शिक्षणाचं तर काहीच धड दिसत नाही. कुठे चुकतंय? लवकर सांगा.

आकडेमोड
पाहणी कुठली? प्रश्न कुठला? वेट (प्रत्येक घर किती घरांच्या वतीने मोजायचं तो भार) लावलीत?

रात्रपाळी
एनएसएसची, म्हणजे सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५वी फेरी, २०१७-१८, आरोग्याची. अजून कुठली असणार? प्रश्न १५ दिवसांतल्या आजाराचा. वेट नाहीत. लावायचीच असतात का?

आकडेमोड
लावायचीच. वर्षभरात कुणी इस्पितळात दाखल झालं होतं अशी घरं, आणि वर्षाखालचं मूल असलेली घरं, या पाहणीत वेगळी काढून मुद्दाम जास्त घेतली आहेत. वेट न लावता टक्केवारी काढलीत की आजारी फुगणारच. शिवाय यात उत्पन्न विचारलेलंच नाही, नेहमीचा मासिक घरखर्च आहे. तो माणशी काढा आणि ग्रामीण-शहरी गट वेगळे पाडा.

तरीही दिशा उलटीच राहील. आजार सांगायला तो आधी कळावा लागतो. बीपी कधी मोजलंच नाही, तर उत्तर 'नाही'. कंबर धरून खुरपणीला जाणारी बाई ते दुखणं सांगणारच नाही. खाडा पडला तर आजार. २००२ साली अमर्त्य सेन यांनी हेच मांडलं होतं: आयुर्मानात केरळ पुढे आणि आजाराच्या तक्रारींतही पुढे, बिहार दोन्हींत मागे.

मेतकूट_भात
केरळ-बिहार ऐकून कान किटले. २०११च्या जनगणनेत साठीपुढचे केरळात १२.६ टक्के, बिहारात ७.४. म्हातारे जास्त तिथे आजार जास्त, त्यात समज-गैरसमज कसले? धागाकर्त्याचं शिक्षणाचं कोडंही इथेच अडकलंय. निरक्षर बहुतेक वयस्क, पदवीधर तरुण. ०-१४, १५-४४, ४५-५९, ६०+ असे गट पाडून मगच तुलना करा.

आकडेमोड
वय धरलं की फरक कमी होतो, पुसला जात नाही. जुनाट आजार आणि १५ दिवसांतला इतर आजार हे रकाने वेगळे आहेत, एकत्र करू नका. जुनाटमध्ये डॉक्टरपर्यंत पोचलेलेच दिसतात.

घाटवाट
विन्येट वापरा! काल्पनिक माणूस सांगायचा: २०० मीटर बिनत्रास चालतो, किलोमीटरभर चाललं की थकतो. याला किती त्रास म्हणाल? त्यावरून उत्तर देणाऱ्याची मोजपट्टी कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सेज पाहणीत आहेत, २००७च्या फेरीत महाराष्ट्रही आहे.

मेतकूट_भात
सोमवारपर्यंत? विन्येट चालणं, वेदना, झोप अशा एकेका बाबीची असते, 'एकूण तब्येत कशी' याला ती लागू पडत नाही. वर सगळ्यांना तो काल्पनिक माणूस सारखाच दिसतो, हेही गृहीतच. त्यापेक्षा लासी घ्या, ४५ वर्षांपुढच्यांची देशव्यापी पाहणी. त्यात बीपी प्रत्यक्ष मोजलंय. १४०/९० किंवा वर असलेल्यांपैकी 'डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही' म्हणणारे किती, ते शिक्षणाप्रमाणे काढा.

शेवंती७
बीपी घेताना ५ मिनिटं स्वस्थ बसा, पाठीला टेका, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. कफ (दंडाचा पट्टा) बाहीवर नको. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबा.

रात्रपाळी
मला बीपी घ्यायचं नाहीये.

आकडेमोड
लासीसाठी ती करणाऱ्या आयआयपीएस या मुंबईतल्या संस्थेकडे अर्ज करावा लागतो, सोमवार हुकेल. हातातल्याच फाइलीत ६० वर्षांवरच्यांना स्वतःची तब्येत कशी वाटते ते विचारलंय: उत्कृष्ट, बरी, वाईट. 'वाईट' विरुद्ध बाकी दोन असं करा आणि तक्ता १५ दिवसांच्या आजाराशेजारी ठेवा.

कट्टेकरी
मेडिक्लेम असलेले लोक उगाच आजार सांगतात, हे कुणी बोलेना!

मेतकूट_भात
ही कंपनीची पाहणी नाही. इथे आजार सांगून दमडी मिळत नाही.

रात्रपाळी
वेट लावली, वयोगट पाडले. साठीपुढे 'वाईट' म्हणणारे तळाच्या खर्चगटात आणि निरक्षरांत जास्त. १५ दिवसांचा आजार मात्र अजून वरच्याच गटात जास्त. म्हणजे एकाच फाइलीत दोन उलटी उत्तरं. गाईडना काय सांगू?

आकडेमोड
दोन्ही तक्ते दाखवा, प्रश्न वेगळे आहेत म्हणून. आणि ती उत्तरं ज्याची त्याने दिली की घरातल्या दुसऱ्याच कुणी? माहिती देणाऱ्याचा क्रमांक बघितलात का?