टांगाची लढाई (जर्मन पूर्व आफ्रिका), नोव्हेंबर १९१४: युद्धखेळात अस्करींची (जर्मन सैन्यातल्या आफ्रिकी शिपायांची) कंपनी कशी मांडावी?

प्रश्न: २८ मिमीच्या आकृत्या, एकास दहा प्रमाण (एक आकृती म्हणजे दहा सैनिक). एका फेल्डकोंपनीत (मैदानी कंपनीत) किती अस्करी घ्यावेत? डोक्यावर लाल फेझ (तुर्की टोपी) रंगवायचा ना?

उत्तर १: लाल फेझ कामेरूनमधल्या जर्मन सैन्याचा! पूर्व आफ्रिकेत टारबुशवर (फेझसारख्याच टोपीवर) खाकी आवरण, मानेवर कापडी झालर, पुढे धातूचा गरुड. पायपट्ट्या निळ्या. कंपनीत साधारण १६० अस्करी. म्हणजे १६ आकृत्या, २ जर्मन आणि एक मशीनगन.

उत्तर २: बंदुका पाहा. बऱ्याच कंपन्यांकडे तेव्हा १८७१ च्या नमुन्याची माउझर होती, काळ्या दारूची. धुरामुळे जागा लगेच उघडी पडते. गोळीबार केलेल्या तुकडीपुढे कापसाचा पुंजका ठेवा आणि पुढच्या फेरीत तिचा आडोशाचा फायदा काढा. सरसकट गेवेर ९८ (बिनधुराच्या दारूची नवी रायफल) दिलीत तर काश्मीर रायफल्सवाल्या (ब्रिटिश बाजूच्या) खेळाडूवर अन्याय होतो.

उत्तर ३: ओंबाशा, शाउश, सोल, एफेंदी हे हुद्दे जर्मन नाहीत, तुर्की-इजिप्शियन आहेत. जर्मन अधिकारी विसमानने १८८९ मध्ये सुदानी सैनिक भरती केले, त्यांच्याबरोबर हे हुद्दे आले. आणि ‘झेबटालियोन’च्या आकृत्या यात मिसळू नका; ते नौदलाचं पायदळ, शुट्झट्रुपे (वसाहतीचं सैन्य, ज्यात अस्करी होते) नव्हे.