अनुभव धागा: देवाचं ऐकलं आणि मन भरून आलं

नगरवाली: सलाम मंडळी. आज माळा आवरताना अण्णांचा दशांशाचा डबा सापडला. पत्र्याचा, झाकण चेमटलेलं. पगाराच्या संध्याकाळी आई वाण्याची यादी घेऊन बसलेली असायची, पण आधी देवाचा दहावा हिस्सा डब्यात. ८५० पगार, ८५ डब्यात, आणि हे करताना अण्णा गुणगुणायचे! आमची फी थकलेली, राग यायचा. एकदा विचारलं, "द्यावंच लागतं का?" म्हणाले, "लागतं म्हणून दिलं असतं तर गाणं आलं असतं का गं?" तुमचेही असे अनुभव लिहा ना.

शेवगावचा: कापणीचा सण आठवला. ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या सगळं वेदीपुढे, उपासनेनंतर लिलाव. वडिलांनी स्वतःच वाहिलेली कोंबडी तिप्पट बोली लावून परत आणली. म्हणाले, आता ही प्रभूकडून आलीय. कापली नाही तिला कधी.

मोगरा: अंडी द्यायची का?

शेवगावचा: भरपूर. पुढच्या सणाला तीच नेली.

वसईकर: आमच्याकडे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे उपासाच्या काळात, आई मटण-मासे दोन्ही बंद करायची. वसईत राहून मासळी नाही! वाचलेले पैसे शेजारच्या एकट्या म्हातारीला. देऊन आली की तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

रात्रपाळी: ड्यूटीवर आहे, थोडक्यात. बांधावरून दिराशी ९ वर्षं अबोला. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री बायबलमधला मत्तयचा ५ वा अध्याय वाचला, अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. हे उठले, "जातो" म्हणाले. मी दारात, जीव टांगणीला. १२ वाजता दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर! बांध सरकला नाही, तीन फूट अजून दिरांकडेच. पण ह्यांना त्या रात्री काय झोप लागली! बेल वाजली, येते.

केडगावची नात: पणजी दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला, निराधार बायकांच्या आश्रमात आलेली. तिथेच अक्षरओळख झाली, मग छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायची. रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत होत्या, १९२२ मध्ये गेल्या त्या हे काम पुरं करूनच. पणजी एकेक ओळ जुळवताना मोठ्यानं वाचायची. थकलीस का विचारलं की म्हणायची, वाचायला मिळतंय की.

नाव नको: मी आज्ञा पाळते, पण आनंद होत नाही. सासूबाई ४ वर्षं अंथरुणावर. सगळं करते. चादरी पिळताना रडते. उपासनेत सगळे टाळ्या वाजवतात तेव्हा वाटतं मीच खोटी.

नगरवाली: खोटी नाहीस गं बाई. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूलाही दुःखाचा प्याला टळावा असंच वाटलं, आणि ते त्यानं बापाला सांगितलं. बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात आहे बघ, पुढे ठेवलेल्या आनंदासाठी त्यानं वधस्तंभ सोसला. पुढे ठेवलेला. त्या घडीला हातात नव्हता. अण्णाही दर महिन्याला गुणगुणायचे नाहीत, आई सांगते. कुठे असतेस तू?

नाव नको: श्रीरामपूर.

रात्रपाळी: आले परत. पाठीला जखम आहे का त्यांच्या? दर दोन तासांनी कूस बदला, चादरीला चुणी राहू देऊ नका.

नाव नको: डाव्या बाजूला एक आहे, डॉक्टरांना दाखवलीय. खूप दिवसांनी कुणी त्यांचं विचारलं.

नगरवाली: रविवारी सकाळच्या एसटीनं येते. मी बसते त्यांच्यापाशी, तू उपासनेला जा. चहात साखर किती घेतात?

नाव नको: दोन चमचे. डॉक्टर नको म्हणतात, पण त्या ऐकत नाहीत.