वाटाघाटी आणि निर्णय यांवर पुस्तकं सुचवा (छोट्या मशीन शॉपसाठी)

नमस्कार मंडळी,

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. नऊ माणसं, दोन सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रं), एक जुनं व्हीएमसी (उभं मिलिंग यंत्र). वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून कोटेशन, वसुली, माणसं सगळं माझ्याकडे आलंय. डिप्लोमा झालाय, ड्रॉइंग वाचता येतं, पण दराची बोलणी कशी करायची हे कुणी शिकवलं नव्हतं.

आमचं सत्तर टक्के काम एकाच कंपनीचं. दर एप्रिलला त्यांचे पर्चेसचे साहेब रेट पाच टक्के कमी करा म्हणतात. वडील हातापाया पडून तीनवर आणायचे. यंदा मी फिशर-युरी यांचं 'गेटिंग टू येस' (१९८१) वाचून गेलो. त्यात वाचनालयातल्या दोघांची गोष्ट आहे. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. ग्रंथपाल बाई दोघांना कारण विचारतात आणि शेजारच्या खोलीतली खिडकी उघडतात. हवा येते, झोत लागत नाही. मीही साहेबांना विचारलं, पाचच का? त्यांना वर्षाची बचत वर दाखवायची होती. आमची अडचण होती दर आठवड्याला दोनशे नगांसाठी मशीनचं सेटिंग (जुळणी) नव्याने लावायची. महिन्याचे आठशे नग एकदम काढायचं ठरलं. सोडले तीनच टक्के, पण सेटिंगचे तास वाचले आणि ते भरून निघाले.

पण बोलणी फिसकटली तर तुमच्यापुढे दुसरा पर्याय काय, यावर तुमचं बळ ठरतं, असंही त्यात आहे. मी इथेच अडतो. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमई कायद्यात (२००६) पेमेंटला जास्तीत जास्त ४५ दिवस आहेत, आमचे पैसे नव्वदला येतात, आणि तक्रार केली तर पुढची पीओ (खरेदीची ऑर्डर) येईल का ही धास्ती. पर्याय नसलेल्याने बोलणी कशी करावी, यावर काही आहे का?

दुसरं, कर्ज काढून नवं व्हीएमसी घ्यावं की जादा काम बाहेरून करून घ्यावं, हे ठरत नाहीये. कानेमान यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' अर्धं झालंय. पहिला आकडा मनात रुतून बसतो हे पटलं, आता रेट आधी मीच सांगतो. पण असा निर्णय कागदावर कसा मांडायचा, ते अजून उमगलेलं नाही.

मराठीतलं पुस्तक असेल तर फार बरं, आमचे सुपरवायझर काकाही वाचतील. बड्या उद्योगपतींची चरित्रं नकोत. युनिट चालवणाऱ्यांनी, वाचून स्वतः काय बदललं तेही कृपया लिहावं. डीलरने व्हीएमसीचा भाव महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवलाय.