लिफ्ट बंद आणि सगळे गप्प
वर कोणीतरी म्हटलंय की सोसायटीची लिफ्ट तीन दिवस बंद होती नि एकानेही फोन केला नाही म्हणजे लोक निर्ढावलेत, मला नाही तसं वाटत. प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केला असेल की. डार्ली आणि लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा १९६८ चा प्रयोग आहे, इंटरकॉमवर बोलता बोलता एकाला फिट आल्याचं नाटक, ऐकणारा आपण एकटेच आहोत समजत होता तेव्हा ८५ टक्के जण मदतीला उठले, आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं तर फक्त ३१. आणि न उठलेले काही निवांत बसले नव्हते हां, हात थरथरत होते कित्येकांचे. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कोणीतरी बघा रे' टाकलं की नुसते अंगठे येतात, म्हणून मी आता सरळ तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनाच टॅग करतो, 'काका, मेकॅनिकला तुम्ही लावा फोन'. चिडतात, पण लावतात.