मदत हवी आहे : सुईवर अडकलेला स्वेटर, अर्धी गोधडी आणि एक टीव्ही कव्हर

काठपदर

नव्या घरात राहायला जातोय आणि तिथे माळा नाही. त्यामुळे ट्रंकेत वर्षानुवर्षं पडलेल्या तीन अर्धवट कामांचं आता काहीतरी ठरवणं भाग आहे. विणकाम, शिवण दोन्ही येतं, पण हाताची सवय गेलीय. जाणकारांनी मदत करा.

पहिलं काम म्हणजे नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर. त्याची भोपाळला बदली होती तेव्हा विणायला घातला होता. पाठ झाली, पुढचा भाग झाला (मधे दोन वेण्या, बाकी सगळं सुलट), एक बाही मनगटापासून कोपरापर्यंत आली आणि आम्ही ठाण्याला परतलो. ठाण्यात असा स्वेटर कोण घालणार? तेव्हापासून ती बाही सुईवरच आहे. लोकर लुधियानाची, मरून. लेबलावर शेड नंबर वाचता येतो, बाकी अक्षरं पुसलीत. ती शेड आता कुठेच मिळत नाही. एक अख्खी गुंडी नि एक अर्धी शिल्लक आहे. नमुन्याचा कागद नाही. सुयांच्या डोक्यावर १० आकडा आहे. अमेरिकेतल्या पुतणीला गोल सुया आणायला सांगितल्या तर ती विचारते, "काकू, १० म्हणजे सहा मिलिमीटर ना?" मला तर सहा मिलिमीटरच्या सुया केवढ्या तरी जाड वाटतात.

दुसरी गोधडी. ती माझी नाही, सासूबाईंची. वर त्यांचं हिरवं नऊवारी, खाली धोतर, मधे जुन्या साड्यांचे थर. चारी कडांनी आत वीत-दीड वीत शिवून झालीय, मधला भाग मोकळा. त्यांचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, माझे त्याच्या दुप्पट. मी पुढे शिवली तर जोड दिसणारच. त्यात एका जागी मधलं कापड सुई लावली की फाटतं. लेक म्हणते, "मला ती हवीच आहे, मशीनवर टीप मार नि दे." मन होत नाही.

तिसरं, क्रोशाचं टीव्ही कव्हर. पाठीला मोठ्ठं पोट असायचं त्या टीव्हीचं. हसून घ्या.

उरलेल्या लोकरीत पुतणीच्या तान्ह्या बाळाला टोपी-मोजे होतील का, हेही सांगा. ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या, सगळ्याला वास आहे.

उलटसुलट

आधी सुयांचं, नाहीतर पुतणी चुकीच्या सुया घेऊन येईल. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ब्रिटिश नंबर असतात. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५ मिमी, १२ म्हणजे २.७५ मिमी. अमेरिकन नंबर बरोब्बर उलटे चालतात. तिथे १० नंबरची सुई खरंच ६ मिमीची असते आणि तुमच्या सुईला तिथे ३ नंबर म्हणतात. पुतणीला नंबर सांगूच नका, ३.२५ मिमी एवढंच कळवा.

बाहीचे टाके आजच त्या सुईवरून काढून जाड सुती दोऱ्यावर घ्या. इतकी वर्षं सुईवर राहिलेली ओळ ताणली जाते आणि पुढे विणलं की तिथे आडवी रेघ दिसते. वरच्या दोन-तीन ओळी उसवूनच पुढे जायचं.

आणि सुई तीच असली तरी हात तोच राहिलेला नसतो. झालेल्या पाठीवर पट्टी ठेवून १० सेंटिमीटरमध्ये किती टाके नि किती ओळी बसतात ते मोजा. मग उरलेल्या लोकरीचा एक चौकोन विणून तेच मोजा. दोन टाक्यांचा जरी फरक आला तरी एक बाही सैल नि एक घट्ट होणार. कागद हरवल्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. झालेला भागच कागद आहे. वेणी किती ओळींनी वळलीय, मुंढ्यात किती टाके घटवलेत, सगळं त्यावरून मोजता येतं.

लोकरवेडी

मुळात बाह्या हव्यातच कशाला? ठाण्यात राहता ना? बाही उसवा नि त्याचा बिनबाह्यांचा स्वेटर करा.

स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर शिल्लक लोकर आणि ती अर्धी बाही वेगवेगळी वजन करा. पुरुषाच्या मापाची एक पूर्ण बाही या जाडीच्या लोकरीत साधारण शंभर ग्रॅमच्या आसपास खाते. तुमच्याकडे दोन बाह्यांपुरती लोकर नाही हे वजनातच दिसेल. मुंढ्यांच्या आणि गळ्याच्या पट्ट्यांना मात्र सगळं मिळून पन्नासेक ग्रॅम खूप झाले.

काठपदर

वजन केलं. गुंड्या ७० ग्रॅम, अर्धी बाही ४८. तुमचं म्हणणं पटतंय. अडचण एकच : भोपाळचा नवरा बारीक होता. ठाण्याचा नाही.

लोकरवेडी

😀 मग कुशीत पट्टी घाला. पाठ नि पुढचा भाग एकमेकांना न शिवता दोन्हींच्या मधे सात-आठ सेंटिमीटर रुंदीची एक सुलट एक उलट अशी पट्टी, खालच्या काठापासून मुंढ्यापर्यंत. दोन्ही कुशींना मिळून घेर पंधरा सेंटिमीटर वाढतो. एका पट्टीला वीसेक ग्रॅम लागतील. सगळं करून थोडी लोकर उरेलच.

निवृत्त पण व्यग्र

माझं मत वेगळं. जो स्वेटर घालायला थंडी नाही आणि ज्याचं माप बदललं, तो पुरा करण्यात हशील काय? सगळा उसवा. नव्याने एखादी शाल विणायला घाला, कुणाच्या मापाचा प्रश्नच नाही. मी पुरुष असून विणतो, म्हणून लोक आधी हसतात आणि नंतर मफलर मागतात. आजवर विणण्यापेक्षा उसवणंच जास्त केलं असेन.

उसवायची पद्धत : शिवणी आधी उसवून तुकडे सुटे करा. जिथे टाके बंद केलेत तिथून सुरुवात, काठाकडून उसवायला गेलात तर गुंतेल. धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत लडी करा, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा, कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा आणि सावलीत टांगा. वळ्या बऱ्याच जातात. वळ्यांच्या धाग्याने तसंच विणाल तर टाके वेडेवाकडे येतील.

लोकर खरी आहे की ॲक्रिलिक? धाग्याचा एक तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा, सिंकवर. केस जळल्याचा वास आला आणि राख चुरगळली तर खरी लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक.

काठपदर

मणी झाला. म्हणजे ॲक्रिलिक. आणि सगळा स्वेटर उसवायचा नाहीये हो, त्या वेण्यांवर माझा जीव आहे.

निवृत्त पण व्यग्र

राहू द्या मग, वेण्यांपुढे आमचं काही चालत नाही. ॲक्रिलिक आहे म्हणजे कसर लागायची भीती नाही. फक्त त्याला इस्त्री लावू नका. चपटं झालं की परत उठत नाही.

बालरुग्ण विभाग

डांबरगोळ्यांच्या वासाच्या लोकरीचे टोपी-मोजे बाळाला नकोत. गोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे काही बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असते त्यांना हा धोका मोठा, आणि बाळाला ती कमतरता आहे हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीत नसतं. जुन्या पेटीतली दुपटी, कुंच्या, शाली बाळाला थेट गुंडाळू नयेत ते यासाठीच. धुऊन, उन्हावाऱ्यात बरेच दिवस ठेवून वास पूर्ण गेला तर मोठ्यांनी खुशाल वापरावं. बाळासाठी नवीन लोकर आणा. आणि नव्या घरी पेटीत गोळ्यांऐवजी वेखंड ठेवा, तेही बाळाच्या कपड्यांपासून लांबच.

वाकळवाली

आता गोधडीवर या, सगळे स्वेटरलाच चिकटलेत. आमच्याकडे साताऱ्यात वाकळ म्हणतात. दर उन्हाळ्यात आई-आजी अंगणात पसरायच्या नि गल्लीतल्या चार बायका चार कडांना बसायच्या. एकाच वाकळेत चौघींचे चार तऱ्हेचे टाके असायचे, कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. तेव्हा टाके वेगळे दिसतील ही काळजी सोडा. सासूबाईंचे टाके उसवायचे मात्र अजिबात नाहीत. विरलेल्या कापडातून दोरा ओढला की भोकं राहतात आणि तिथूनच ते फाटत जातं.

कापड कुठे कुठे विरलंय ते आधी बघा. गोधडी खिडकीशी उजेडात धरा, चिमटीत पकडून हलकं ताणा. घडीवर फाटणारं कापड टाका धरणार नाही. तेवढ्या भागावर मऊ सुती कापडाचं ठिगळ लावा, पण फाटक्यापुरतं नको. चांगल्या कापडापर्यंत चार बोटं बाहेर जाऊ दे, म्हणजे टाके चांगल्या कापडात बसतील. ठिगळाचं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर नंतर आटेल. रंग जातो का तेही बघा. ओलं पांढरं फडकं दाबून धरलं की कळतं.

दोरा सुती घ्या, मऊ. चिवट दोरा जुन्या कापडाला कापतो असं आई म्हणायची. कापड तुटण्यापेक्षा दोरा तुटलेला परवडतो.

मशीन नको. मशीनची टीप म्हणजे जवळजवळ ओळीने भोकं, विरलेलं लुगडं त्या रेषेवर फाटतं. शिवाय इतके थर मशीनच्या पायाखाली सरकतात नि चुण्या पडतात.

शिलाई सम्राज्ञी

मशीनला इतकं वाईट म्हणू नका. टाका लांब ठेवला, दाब कमी केला, वॉकिंग फूट (वरचा थरही सोबत पुढे नेणारा मशीनचा पाय) लावला तर थर सरकत नाहीत. मी नव्या कापडाच्या गोधड्या अशाच करते. विरलेल्या कापडाबद्दल मात्र वाकळवालीशी सहमत. लेकीची समजूत काढायची तर बाहेरच्या काठाला नवी पट्टी मशीनवर लावून द्या, रोज हाताळली जाते ती तीच जागा.

काठपदर

वाकळवाली, अजून एक. मोकळा भाग जमिनीवर पसरला तर मधे फुगा येतोय. खालचं धोतर ताठ बसतंय, वरचं लुगडं जास्त आहे.

वाकळवाली

कडेकडून आत शिवत आल्यावर तसं होतंच. शिवलेल्या भागापासून मधल्या बाजूला हाताने सपाट करत जा, पाठ वर करूनही एकदा तसंच करा. मग मध्यापासून कडांकडे, आधी अधिकच्या चिन्हासारखा नि मग तिरपा, कच्चा दोरा मारा. चार-चार बोटांवर टाचलं की फुगा एका जागी न राहता सगळीकडे वाटला जातो. तरीही उरला तर एक लहानशी चूण घ्या नि तिच्यावर ठिगळ. आमच्या वाकळांवरची निम्मी ठिगळं अशीच आलीत.

हल्याळची

आमच्या उत्तर कन्नडकडे सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात, त्यांची रीत इथे कामी येईल. वरचं कापड आधी अख्खं पसरतच नाहीत. कोपऱ्यापासून शिवत, कडेने फिरत आत येताना एकेक तुकडा लावत जातात. तुम्हालाही मध्यावरचं विरलेलं लुगडं तसंच तुकड्यातुकड्यांनी झाकत जाता येईल. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचं "फुला" लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

बर्फाळ मराठी

परदेशातून एक माहिती. एखादी व्यक्ती गेली किंवा तिचे हात चालेनासे झाले, की मागे राहिलेलं विणकाम, क्रोशा, गोधडी पुरी करून देणारे स्वयंसेवक शोधून देणारी "लूज एंड्स" नावाची संस्था २०२२ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. काम विनामूल्य करून मिळतं. काठपदर, तुम्हाला स्वतःला येतंय, तेव्हा गरज नाही. पण ज्यांच्या घरी आईचा अर्धा स्वेटर आहे आणि कुणालाच सुया धरता येत नाहीत, त्यांच्यासाठी लिहून ठेवते.

शिलाई सम्राज्ञी

टीव्ही कव्हर राहिलं. पोटाच्या बाजूचा भाग सुटा करा आणि पुढचा चौकोनी पडदा तेवढा ठेवा. खाली झालर घातली की दारावरचं तोरण होतं.

काठपदर

सगळ्यांचे खूप आभार! बाही उसवली, लडी धुऊन टांगलीय. बाळासाठी नवी लोकर मागवली. गोधडी दिवाणखान्यात पसरून कच्चा दोरा मारतेय, नवरा कडेकडेने चालतो. लेकीला फोटो पाठवला तर म्हणाली, एक कड मी शिवणार, शनिवारी येतेय. कव्हराचं अजून मनावर घेतलेलं नाही.

मुंढ्याचे टाके उचलताना किती उचलायचे? मागे एकदा पट्टीला झालर आली होती.

उलटसुलट

झालर आली म्हणजे जास्त उचलले गेले. सुलट विणीत ओळीची उंची टाक्याच्या रुंदीपेक्षा कमी असते, म्हणून उभ्या कडेला चार ओळींमागे तीन टाके उचलायचे, चौथी ओळ सोडायची. मुंढ्याच्या तळाशी, जिथे टाके बंद केलेत, तिथे एकास एक. कुशीची पट्टी आधी जोडून घ्या, तिच्या वरच्या कडेलाही एकास एक. उचललेली संख्या सम यायला हवी. मग १२ नंबरच्या सुयांवर सहा ओळी एक सुलट एक उलट, आणि बंद करताना परत १० नंबरची सुई, नाहीतर हात घालताना मुंढा आवळेल. दुसऱ्या मुंढ्यालाही तेवढेच टाके घ्या, आकडा कुठेतरी लिहून ठेवा.