पहिलाच फ्लॅट भाड्याने द्यायचाय, भाडेकरू कसा बघावा?

वाकडला टू बीएचकेचं पझेशन मिळालं, आम्ही राहतो साताऱ्यात, बँकेचा हप्ता सुरू झालाय त्यामुळे रिकामा ठेवणं परवडत नाही. एजंटने एक पार्टी आणलीय, ते म्हणतात करार नुसता नोटरी करू, खर्च वाचेल. आईबाबांची सगळी जमवाजमव यात गेलीय म्हणून भीती वाटते. काय करू?

सदाशिवपेठी: नोटरीच्या भानगडीत पडू नका, प्लीज. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे हाच ठराविक मुदतीचा भाडेकरार) रजिस्टर करणं बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची. रजिस्टर नसेल आणि उद्या वाद झाला तर तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या. आणि वाचतात किती? भाडं 22 हजार, 11 महिने, डिपॉझिट 60 हजार धरलं तर स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्क्याने सव्वासहाशेच्या आत, महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी 1000, वर एजंट थंब मशीन (अंगठ्याचे ठसे घ्यायचं) घेऊन घरी येतो त्याचे काय ते. मुदत संपूनही माणूस हलला नाही तर कलम 24 खाली दुप्पट भाडं मागता येतं, ते हा कागद हातात असेल तरच सोपं जातं.

मीनलताई_पिंपरी: कागद तर हवाच पण माणूस बघा हो. मी पहिल्यांदा घाईत दिला, तीन महिने भाडं थकलं, फोन उचलायचे नाहीत, रात्र रात्र झोप नव्हती मला. नंतर एक जोडपं आलं, त्यातल्या मुलीने सगळे नळ सोडून बघितले, ड्राय बाल्कनीत ऊन किती वाजेपर्यंत असतं ते विचारलं, तेव्हाच कळलं ही राहायला आलीय. चार वर्षं राहिले. त्यामुळे एजंटवर सोडू नका, एक रविवार काढून स्वतः भेटा, आधीच्या घरमालकाला फोन करा. चावी देताना लाइटच्या मीटरचा फोटो काढा.

हिंजवडीवाला: पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरायला विसरू नका. आणि सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नाही म्हणून) लावेल, तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आमच्याकडे जास्त लावलेला तो आम्ही भांडून कमी करून घेतला.

प्रश्नकर्ता: खूप आभार सगळ्यांचे. पार्टीला आत्ताच कळवलं, रजिस्टर होणार असेल तरच बोलू. रविवारी बाबांना घेऊन वाकडला जातोय.