अंबाजोगाईत पायी फिरायची कथावाट करायची आहे, सुचवा

बालाघाटची

राम राम मंडळी. मी अंबाजोगाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. सातवीच्या पोरांना घेऊन शहरातून पायी एक फेरी काढायची आहे. योगेश्वरी देवीचं देऊळ, हत्तीखाना नावाचं लेणं, खोलेश्वर आणि बाराखांबी ही जुनी देवळं, संत दासोपंतांची समाधी आणि शेवटी कवी मुकुंदराजांची समाधी. ऑटो नाही, गाडी नाही, चालतच.

घोडं अडतंय हत्तीखान्यापाशी. आमच्या घरात चालत आलेली गोष्ट अशी: जोगाई, म्हणजे योगेश्वरीच, कोकणची. तिचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं. वऱ्हाड निघालं, हत्ती-घोडे, वाजंत्री, सगळा थाट. परळी पंचवीसेक किलोमीटरवर राहिली आणि मुहूर्त टळला. देवी इथंच राहिली, कुमारिका. वऱ्हाडाचे दगड झाले. ते दगडी हत्ती अजून अंगणात उभे आहेत. माझी आजी देवळातून परतताना तिकडं हात जोडायची आणि "बाईचं वऱ्हाड" म्हणायची.

शाळेतल्या एका सरांचं म्हणणं, मुलांना लेणं दाखवा, खडक कसा कोरला ते सांगा, वऱ्हाड कशाला? उलट एक पालक म्हणाले, देवीच्या जागेत इतिहास काढत बसू नका. मला दोन्ही पटत नाही. एकाच जागी उभं राहून दोन्ही कसं सांगावं? युरोपातल्या डोंगरी गावांत अशा पायवाटा असतात म्हणे. कुणी चाललंय का?

लातूरचा, सध्या झुरिक

ताई, मी चाललोय. इथं स्वित्झर्लंडमध्ये गोशेनेन नावाच्या गावातून अँडरमाटला वर जाणारी वाट आहे, शोलेनेनच्या घळीतून. खाली रॉयस नदी इतकी गर्जते की शेजारच्याशी मोठ्यानं बोलावं लागतं. तिथं सैतानाचा पूल आहे. गोष्ट अशी की तिथल्या उरी प्रांताच्या लोकांना त्या घळीवर पूल काही जमेना. सैतान म्हणाला, मी बांधतो, पण पहिला जो जीव पलीकडं जाईल तो माझा. पूल झाला. लोकांनी पहिल्यांदा बोकड सोडला. सैतान चिडला, पूल फोडायला भलामोठा धोंडा घेऊन आला, तर वाटेत एका म्हातारीनं धोंड्यावर क्रूस काढला. मग त्याला तो उचलेना.

आता इतिहास बघा. तिथला पहिला लाकडी पूल 1230 च्या आसपासचा. 1595 ला दगडी झाला, तो 1888 मध्ये कोसळला. 1830 चा पूल अजून आहे, वाट त्यावरूनच जाते, आणि त्याच्याही वर मोटारींचा नवा पूल आहे. 1799 मध्ये सेनापती सुवोरोव्हचं रशियन सैन्य इथं फ्रेंचांशी लढलं, त्याचं स्मारक कड्यातच कोरलंय. आणि त्याच घळीत खडकावर सैतान आणि बोकड रंगवलेत. एकाला लागून दुसरं, कुणी कुणाला पुसलेलं नाही.

मला सगळ्यात भिडलं ते त्या धोंड्याचं. गोशेनेनजवळ तो खरोखर आहे, अंदाजे 220 टनांचा. महामार्ग आला तेव्हा तो आड येत होता, सुरुंग लावून उडवायचं ठरत होतं. लोकांनी उडवू दिला नाही. 1977 मध्ये तीन लाख फ्रँक खर्चून तो 127 मीटर बाजूला सरकवला. सैतानानं आणला असं मानणारं आज तिथं कुणी भेटायचं नाही. तरी धोंडा ठेवला.

जुने गुरुजी

बाई, तुमचा प्रश्न योग्य आहे. मी याच शहरात शिकलो, इथंच मराठी शिकवलं, म्हणून चार गोष्टी सांगतो.

हत्तीखान्यात मुलांना आधी हत्तीजवळ नेऊन उभं करा. हात लावू द्यायचा नाही, पण अगदी जवळून बघू द्या. मूळ कातळ खाली खोदत नेला, मधे नंदीचा मंडप राखला आणि हत्तीही त्याच खडकातले. बाहेरून दगड आणून ठेवलेला नाही. हे कळलं की मुलंच विचारतील, मग वऱ्हाड कुठनं आलं? तेव्हा आजींची गोष्ट सांगा. अख्खा खडक हत्ती झालेला बघितल्यावर माणसाला हत्तींचा खडक झाला असं वाटलं, यात खोटं काही नाही. आत शिव आहे, सप्तमातृका आहेत, त्याही दाखवा.

खोलेश्वरला मात्र गोष्ट रचायची गरज नाही, दगडच बोलतो. खोलेश्वर हा यादव राजा सिंघणाचा सेनापती. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत पडला. रामाची बहीण लक्ष्मी. तिनं भावासाठी हे देऊळ बांधलं, शके 1162 म्हणजे इसवी सन 1240 चा शिलालेख आहे. तुमच्या वर्गातल्या मुलींना हे जरूर सांगा. सेनापतीचं नाव सगळे घेतात, बांधणारीचं कुणी घेत नाही, आणि मला ते फार लागतं.

दासोपंतांपाशी पुन्हा उलट. बिदरच्या बादशहानं सारा थकला म्हणून लहानग्या दासोपंतांना ओलीस ठेवलं, मुदत संपत आली आणि दत्ताजी पाडेवार नावाचा कुणी येऊन सगळी रक्कम भरून गेला. तो दत्तच, अशी श्रद्धा. पण कापडावर लिहिलेली त्यांची पासोडी ही श्रद्धेची गोष्ट नाही, ती डोळ्यांनी बघता येते. कागद पुरेना म्हणून माणूस कापडावर लिहितो, हे मुलांच्या डोक्यात घर करून राहतं.

मुकुंदराजांकडं शेवटीच जा. त्यांचा विवेकसिंधु हा ग्रंथ शके 1110 चा, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षं आधीचा. विदर्भात आंभोऱ्यालाही मुकुंदराजांची जागा मानतात, तेही लपवू नका.

बालाघाटची

गुरुजी, लक्ष्मीचं वाचून मी खोलेश्वरला जाऊन आले. उन्हं तिरपी झाल्यावर भिंतीवरच्या मूर्ती काय दिसतात! लातूरकर दादा, तुमच्या धोंड्याची गोष्ट मी आमच्या सरांना वाचून दाखवली. ते म्हणाले, वऱ्हाडाची गोष्ट घ्या, पण "लोक असं सांगतात" असं म्हणून सांगा. मला मान्य आहे. लेखात कोरलेलं आणि तोंडी चालत आलेलं, मुलांनी वहीत दोन वेगळ्या पानांवर लिहायचं असं ठरवलंय.

परळीचा वाटाड्या

बाई, मुकुंदराज एका दमात जोडू नका. खाली दरीत उतरायचं, मग चढून यायचं, बारकी पोरं थकतात. पहिल्या दिवशी शहरातलं करा, दुसऱ्या सकाळी लवकर तिकडं. पाण्याच्या बाटल्या घरनंच आणायला सांगा. मार्गशीर्षात पौर्णिमेपर्यंत देवीचा उत्सव असतो, तेव्हा देवळापाशी पोरं सांभाळणं अवघड, म्हणून त्याच्या आधी दिवाळीची सुट्टी संपली की लगेच काढा. रानही तेव्हा हिरवं असतं. आणि एक मागणं: आमच्या परळीकडं हीच गोष्ट नवऱ्याकडच्या बाजूनं सांगतात. पोरांना घेऊन पुढच्या खेपेला वैजनाथालाही या, आमच्या गल्लीतल्या आज्या सांगायला बसवतो.